दम खायला जागा

कारखान्यात त्याला ‘भाता’ म्हणायचे. लोहाराच्या भट्टीला वारा घालतो तो भाता. नाव पाडणाऱ्यांनी ते चिडवायला पाडलं होतं, पण यानेच ते मिरवायला सुरुवात केल्यावर चिडवणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढे घरातले सोडले तर त्याचं खरं नाव कोणाला आठवेनासं झालं, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

चाळीस वर्षं भात्याने प्रयोगशाळांसाठी काच फुंकली. लांब मानेचे चंबू, नळ्या, नळ्यांच्या आत नळ्या. पण त्याचा खरा मान होता तो आम्ल साठवायच्या गुडघ्याएवढ्या गोल बाटल्यांचा. लोखंडी फुंकणीच्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला भात्याचे ओठ. बाकीचे कारागीर चार-पाच फुंकरींत बाटली पुरी करायचे. भाता एका दमात करायचा. तशी गरज होती का? अजिबात नव्हती. एका दमात केलेली बाटली आणि पाच दमांत केलेली बाटली यांत आम्लाला काडीचा फरक कळत नाही. पण शेजारच्या विभागातली माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची, आणि बघायला माणसं आली की भाता आणखी फुगायचा.

मग हाताने फुंकायचा विभाग बंद झाला. यंत्रं आली हे एक कारण. दुसरं कारण व्यवस्थापकांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं. म्हणाले, “यांच्यासारखी बाटली यांच्यानंतर कोणाला जमायची नाही, त्यामुळे तो माल आम्ही थांबवतोय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भात्यानेही वाजवल्या. घराच्या वाटेवर मात्र त्याची पावलं मंदावली. आपलं कौतुक झालं, की आपल्यापाशी येऊन काम बुडालं, हे त्याला नीट कळेना. चार जण त्याच्या हाताखाली शिकायला येऊन गेले होते. प्रत्येकाला त्याने एकच धडा दिला होता, “एका दमात.” चौघेही महिन्याभरात दुसऱ्या विभागात पळाले होते.

त्याच निरोप समारंभात भांडारातल्या कारकुनाने त्याला एक लांबट पुडकं दिलं होतं आणि म्हटलं होतं, “आता फुंकायला हे घ्या.” आत निघाली पत्र्याची सहा भोकांची शिट्टी. बासरीसारखीच, पण आडवी न धरता उभी धरायची, तोंडाशी निळ्या प्लास्टिकचा तुकडा असलेली. बासरीची गरीब चुलतबहीणच म्हणा. सगळे हसले. भात्याला राग आला. त्याने ती खिडकीत आपटली आणि आठ दिवस तिच्याकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून उचलली.

आणि जमली की. भलतीच जमली. चाळीस वर्षं ज्याने फुंकरीच्या बळावर काचेची जाडी सांभाळली, त्याला एका पत्र्याच्या नळीचं काय? फुंकर हलकी ठेवली की खालचे सूर, जरा जोर दिला की त्याच भोकांतून वरचे. महिन्याभरात तो दुसऱ्यांच्या धुना वाजवायला लागला, आणि दोन महिन्यांत दुसऱ्यांच्या धुनांचा त्याला कंटाळा आला. स्वतःच्या सुचू लागल्या. सकाळी दाढी करताना सुचायच्या, आणि दाढी पुसेपर्यंत विसरायच्या.

घरात तिघं होती. भाता, त्याची लेक आणि त्याची धाकटी बहीण. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक घरबांधणीचे नकाशे काढायची, टेबलावर दोन पडदे लावून. तिनेच एका रविवारी तिचा जुना संगणक बापाच्या पुढ्यात ठेवला.

“बाबा, हे घ्या. यात सूर लिहिता येतात. पाच रेघा असतात, त्यावर ठिपका ठेवायचा. वरच्या रेघेवर उंच सूर, खालच्या रेघेवर खालचा. झालं की हे बटण दाबा, तो वाजवून दाखवतो.”

“तो म्हणजे कोण?”

“संगणक, बाबा.”

“त्याला कोणी शिकवलं?”

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. पण शिकवायला बसली ती चिकाटीने बसली. बापाने आयुष्यभर अंगारासमोर काम केलेलं, बोटं जाडजूड. माऊसला तो फुंकणीसारखं धरायचा, पिरगाळत. ठिपका ठेवायला जायचा एका रेघेवर आणि पडायचा तिसरीवर. शिट्टीला न झेपणारा सूर लिहिला की सॉफ्टवेअर तो लाल करून दाखवायचं. लाल रंग भात्याला ओळखीचा होता. कारखान्यातला तपासनीस सदोष बाटलीवर लाल पेन्सिलीनेच फुली मारायचा. एकही लाल ठिपका न पडता पहिलं पान पुरं झालं तेव्हा त्याने लेकीला, बहिणीला आणि दूध द्यायला आलेल्या बाईलाही ते दाखवलं.

इथेच एक घोटाळा झाला, आणि तो काचवाल्याच्याच हातून व्हावा असा होता.

त्या सॉफ्टवेअरची एक रीत असते. पान उभ्या रेघांनी घराघरांत वाटलेलं असतं. एका घरात चार मात्रा. तुम्ही तीनच मात्रांचे सूर लिहिले, तर उरलेल्या एका मात्रेच्या जागी ते आपण होऊन विश्रांतीची खूण टाकतं. दिसायला वेडीवाकडी खूण, वाळलेल्या किड्यासारखी. अर्थ एवढाच, की इथे गप्प राहा. भात्याने ती बघितली आणि त्याचे डोळे बारीक झाले. काचेत असा ठिपका दिसला की त्याला खडा म्हणतात. खडा असलेली बाटली परत भट्टीत जाते. कोणी सांगायची वाट न बघता त्याने खडे वेचायला घेतले. जिथे खूण दिसली तिथे आधीचा सूर लांबवला, नाहीतर एक नवा सूर कोंबला. संध्याकाळपर्यंत पान कसं नितळ झालं. बटण दाबलं. संगणकाने पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कुठेही न थांबता, धून वाजवून दाखवली. मग भात्याने ती स्वतः वाजवली. अर्धी एका दमात, अर्धी दुसऱ्या दमात.

“बघ,” तो लेकीला म्हणाला, “आमच्या दोघांचं एकमत आहे.”

आता संगणकाला फुप्फुसं नसतात आणि भात्याला चार माणसांची होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी शिट्टी वाजवणाऱ्यांची मंडळी जमायची. वीस-बावीस जण. शिंपी, निवृत्त परिचारिका, एक बसचालक, दोन बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नसत पण एकाच पानावर बघून वाजवत. मंडळाच्या प्रमुख होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं आणि रविवारी मिटायला, असं त्यांचं आयुष्य. दर वर्षी हे मंडळ सभासदांनी रचलेल्या बारा धुनांचं पुस्तक काढायचं. त्यात निवड व्हायची एक पद्धत होती, आणि ती डॉक्टरीणबाई कोणासाठीही वाकवत नसत. ज्याने धून रचली त्याने त्या दिवशी वाजवायचं नाही. हात मांडीवर ठेवून समोर बसायचं. धून कशी आहे हे पण सांगायचं नाही. पानं वाटायची, आणि मंडळींनी बघून वाजवायचं. दुसऱ्यांच्या तोंडी बसली तर धून पुस्तकात, नाहीतर घरी.

पहिल्या वर्षी भात्याने मोठ्या डौलात पानं वाटली आणि हात मांडीवर ठेवले. मंडळींनी सुरुवात केली. चौथ्या घरात बसचालकाचा चेहरा लाल झाला. सहाव्या घरात परिचारिका थांबल्या आणि नंतर आपण कुठे आहोत ते त्यांना सापडेना. मिळेल तिथे जो तो श्वास घ्यायला लागला, त्यामुळे धुनेला जागोजाग भोकं पडली, आणि दहाव्या घरात दोन अबोल बहिणींपैकी एकीला ठसका लागला. दुसरीने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, एवढीच काय ती त्या दिवसाची कमाई.

“काका, यात श्वास कुठे घ्यायचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“संपल्यावर,” भाता म्हणाला.

दुसऱ्या वर्षी तो नवी धून घेऊन गेला. पहिलीपेक्षा लांब, पहिलीपेक्षा नितळ. या वेळी मंडळी पाचव्या घरातच थकून थांबली. भात्याला राहवलं नाही. नियम मोडून तो उठला, खिशातली शिट्टी काढली आणि सगळी धून दोन दमांत वाजवून दाखवली. झकास वाजवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, फार सुंदर. हे तुम्हीच वाजवावं. आम्ही ऐकू. तुमच्यानंतर हे कोणाला जमायचं नाही.”

बाईंनी मनापासून स्तुती केली होती. पण भात्याने शिट्टी परत खिशात घातली. हेच वाक्य त्याने आधी एकदा ऐकलं होतं, याच टाळ्यांसकट. त्या वाक्यानंतर विभागाला कुलूप लागलं होतं, आणि फुंकण्या भंगारात गेल्या होत्या. आज त्याच्या हातची एक बाटली कुठे शिल्लक असेल तर तिच्यावर नाव नव्हतं. धुनांचंही तेच होणार. आपल्यालाच येतं ते आपल्याबरोबरच जातं, हे तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वच्छ कळलं. एक, फक्त एक धून लोकांच्या तोंडात राहावी, एवढंच त्याला हवं होतं. ते कसं करायचं, हे मात्र एकसष्टाव्या वर्षी त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर त्याने राग काढला तो नेहमीप्रमाणे दुसऱ्यांवर. “दम नाही लोकांत. दोन घरं वाजवली की धापा टाकतात. यांच्या हाती फुंकणी दिली असती तर काचेचं बोरही झालं नसतं.”

धाकटी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. तुझं उलटंच रे दादा. तुला नाचता येतं, म्हणून सगळ्या गावाचं अंगण वाकडं.”

या धाकटीबद्दल आता सांगायला हवं. तिला लहानपणापासून दमा. शाळेच्या वाटेवर भाता पुढे धावायचा, आणि ती मागे छातीवर हात ठेवून उभी राहायची. तो कोपऱ्यावरून ओरडायचा, “ये की.” ती यायची, आपल्या गतीने. त्याने कधी वाट बघितली नाही. मनाचा वाईट नव्हता तो. दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हेच त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट त्याला खोटी वाटायची. पुढे ती शाळेच्या कचेरीत टंकलेखन करायची, निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती रोज भाजीला उतरायची आणि ठिकठिकाणी थांबत वर यायची. भाता तिच्या हातातली पिशवी काढून घेऊन धडाधड वर जायचा, आणि आपण तिला मदत केली असं समजायचा.

त्या पडलेल्या धुनेची पानं कपाटावर धूळ खात होती. पावसाळा सरल्यावर एका सकाळी भाता चपला शिवायला देऊन परतत होता. पहिला मजला चढला, दुसरा चढला, आणि वरून शिट्टीचा आवाज आला. त्याचीच शिट्टी, त्याचीच धून. पण वेगळी. चार-पाच सूर यायचे, मग काहीच नाही. पुन्हा सात सूर, पुन्हा काही नाही. भात्याला वाटलं, कोणीतरी आपल्या नितळ काचेवर दगड मारतंय. तो दोन पायऱ्या तावातावाने चढला आणि मधल्या कठड्याशी थांबला.

कारण त्या ‘काही नाही’मध्ये काहीतरी होतं. सूर थांबायचा आणि जिन्यात लटकून राहायचा, पुढचा कधी येतो याची कानाला ओढ लागायची, आणि मग तो यायचा तेव्हा किती बरं वाटायचं. आपल्याच धुनेत एवढी गोडी होती हे भात्याला आजवर कळलं नव्हतं. त्याने ती कधी ऐकलीच नव्हती. ऐकायला जागा कुठे होती? कठड्याला हात लावून तो पुरी धून संपेपर्यंत उभा राहिला. बहिणीसाठी जिन्यात थांबायची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

वर गेला तर धाकटी खिडकीशी बसलेली. पुढ्यात त्याचं पान, आणि पानावर शिसपेन्सिलीच्या बारीक तिरक्या रेघाच रेघा.

“डॉक्टरांनी फुंकायचा व्यायाम सांगितलाय,” ती म्हणाली. “नुसतं फुगे फुगवण्यापेक्षा हे बरं. ठिपके वाचायला तुझ्या लेकीने शिकवलं.”

“आणि पानावर हे काय करून ठेवलंस?”

“माझी सोय. जिथे जिथे श्वास घेतला तिथे तिथे रेघ मारली. दादा, तुझ्या या पानात दम खायला जागाच नाही रे. पाहुण्याला बोलावलंस आणि घरात खुर्चीच ठेवली नाहीस.”

एरवी यावर भात्याने दोन शब्द सुनावले असते. आज तो वाकून रेघा मोजायला लागला. त्या उगीच कुठेही मारलेल्या नव्हत्या. जिथे बोलणं संपतं तिथे आपण थांबतो, तशा त्या होत्या. चाळीस वर्षं पत्रं टंकलेल्या बाईला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे कोणी शिकवायला नको होतं.

आणि मग त्याला त्याचे उस्ताद आठवले. अठराव्या वर्षी पहिल्यांदा फुंकणी हातात दिली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, “एक छोटी फुंकर घाल. लगेच फुंकणीच्या तोंडावर अंगठा दाब. आणि गप्प उभा राहा.” पोरसवदा भात्याने अंगठा दाबला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो लाल गोळा आपोआप फुगत गेला होता. आत कोंडलेली हवा तापून पसरते आणि काच स्वतःच फुगते. उस्ताद म्हणाले होते, “बघ, फुंकलंस घोटभर, बाकीचं थांबण्याने झालं. थांबायला शिकलास की कारागीर झालास.” तो पहिला धडा भात्याने आठवड्याभरात मागे टाकला होता, कारण थांबलेल्या माणसाकडे बघायला शेजारच्या विभागातून कोणी येत नाही. चौघा शिकाऊंना त्याने अंगठ्याचं कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून ते पळाले. म्हणून विभागाला कुलूप लागलं. भाता खुर्चीत बसला आणि त्याने स्वतःचा उजवा अंगठा उलटा-सुलटा करून बघितला. त्याला लाज वाटली, आणि त्याच वेळी अंगात तरतरीही आली.

“उद्यापासून भाजीला मी येतो तुझ्याबरोबर,” तो म्हणाला.

“पिशवी धरायला?”

“नाही. पिशवी तूच धर. मी मागून चालतो.”

पुढचे कित्येक दिवस इमारतीतल्या लोकांनी हा प्रकार बघितला. पुढे धाकटी, मागे भाता, हातात लेकीची छोटी वही. धाकटी सात पायऱ्या चढायची, थांबायची. सात चढायची, थांबायची. मग पाचच, कारण तिथे जिना वळायचा. मग कठड्याला टेकून जरा लांब थांबणं, आणि शेवटच्या पायऱ्या एका उत्साहात, कारण दार दिसायचं. भाता सगळं टिपून घ्यायचा. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, “पायऱ्या मोजताय? इमारत दुरुस्तीला काढताय का?”

“दुरुस्तीच आहे,” भाता म्हणाला.

नवी धून त्याने त्या पायऱ्यांवर रचली. सात सूर चढणारे, श्वास. सात सूर, श्वास. पाच, आणि वळण. मग एक लांब विश्रांती, आणि घराचं दार दिसल्यासारखी शेवटची ओळ. साधी धून होती. सहा बोटं येणाऱ्या कोणालाही जमावी अशी. आता संगणकासमोर बसला की तो उलटं काम करायचा. सूर पुसायचा आणि विश्रांतीची वाकडी खूण आली की तिच्याकडे मायेने बघायचा. दोनदा सवयीने हात गेलाच, खडा वेचायला. लेक मागून म्हणाली, “बाबा, राहू दे तो किडा.” त्याने हात आवरला.

प्रत्येक ओळ लिहून झाली की छापायची आणि धाकटीसमोर ठेवायची. तिने धाप न लागता वाजवली तर ठेवायची, नाहीतर मोडायची. तिसरी ओळ नऊ वेळा मोडली. नवव्यांदा ती म्हणाली, “आता माझाच दम जाईल, धुनेचा नाही.” पण दहाव्यांदा वाजवून झाल्यावर तिने शिट्टी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “दादा, मी पहिल्यांदा काहीतरी अर्ध्यात न सोडता पुरं केलं बघ.” भात्याने चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

एक अडचण उरली होती. बटण दाबलं की संगणक त्या विश्रांतीच्या जागी गप्प राहायचा खरा, पण नुसताच गप्प. श्वासाचा आवाज नाही. भात्याला ते खटकायचं. “हा थांबतो, पण याला थांबायची गरज नाहीये. कळतं ते,” तो म्हणायचा. म्हणून प्रत्येक खुणेच्या डोक्यावर त्याने स्वल्पविरामासारखी श्वासाची खूणही घातली, म्हणजे वाजवणाऱ्याला शंका नको. पान आता खड्यांनी भरून गेलं होतं. तपासनीसाने बघितलं असतं तर बेशुद्ध पडला असता.

तिसऱ्या वर्षीचा तो रविवार उजाडला. धाकटीने पहाटेच जाहीर केलं, “मीही येणार. वाजवायला.” वाचनालयाचा जिना ती सात-सात पायऱ्यांनी चढली आणि भाता मागून. वर पोचल्यावर त्याने पानं वाटली. या वेळी डौल वगैरे काही नव्हता. मंडळींनी पान हातात घेतलं तेव्हा बसचालकाने शेजाऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. भातेकाकांची धून म्हटल्यावर तो आधीच खोल श्वास घेऊन बसला होता. भात्याने हात मांडीवर ठेवले. मागच्या रांगेत शेवटच्या खुर्चीत धाकटी.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवून इशारा दिला.

सात सूर चढले. आणि मग एकवीस माणसांनी एकदम श्वास घेतला. तो ऐकू आला. सगळ्या खोलीचा मिळून एक श्वास, गरम दिवशी दार उघडल्यावर वारा येतो तसा. भात्याच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्याने कुठेही लिहिलेला नव्हता. त्याने फक्त जागा सोडून खूण केली होती. पुन्हा सात सूर, पुन्हा तो श्वास. पाच सुरांवर धून वळली, आणि सगळी खोली तिच्याबरोबर वळली. कोणी चुकलं नाही, कोणी मागे राहिलं नाही, कारण दर सात सुरांनी मागे राहिलेल्याला गाठायला जागा होती. परिचारिकांचा पाय ठेका धरायला लागला. अबोल बहिणी एकमेकींकडे बघून श्वास घेत होत्या. लांब विश्रांती आली तेव्हा खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या शांततेत भात्याला कळलं की आपणही श्वास कोंडून बसलो आहोत. जन्मात पहिल्यांदा भात्याला दम लागला होता. मग शेवटची ओळ निघाली, घराचं दार दिसल्यासारखी, आणि तिच्यात त्याला मागच्या खुर्चीतली एक बारीक शिट्टी ओळखू आली, सगळ्यांबरोबर, अगदी शेवटपर्यंत.

टाळ्या नाही पडल्या. बसचालक म्हणाला, “पुन्हा घेऊ या.” आणि कोणाची वाट न बघता त्यांनी पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा डॉक्टरीणबाईंनीच आपली शिट्टी काढली.

“काका,” त्या नंतर म्हणाल्या, “पुस्तकात पहिल्या पानावर जाईल ही. नाव काय घालू?”

“धुनेचं नाव ‘जिना’.”

“आणि रचणाऱ्याचं?”

भाता जरा थांबला. आता त्याला थांबता येत होतं. “लिहा, सूर भात्याचे. श्वास त्याच्या धाकट्या बहिणीचे.”

मागच्या खुर्चीतून आवाज आला, “एवढ्या वर्षांनी परत केलेस म्हणायचे.” सगळे हसले, आणि भाता सगळ्यांत जास्त हसला.

मंडळी पांगली. दोघं जिना उतरून खाली आली. खालच्या खोलीत ग्रंथपाल परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसला होता. हा माणूस कधी वर फिरकला नव्हता, त्याने पान बघितलं नव्हतं, त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती. चार वेळा छतातून जे झिरपलं तेवढंच त्याच्या कानावर पडलेलं. शिक्का मारता मारता तो ओठांनीच काहीतरी वाजवत होता. सात सूर. श्वास. सात सूर. श्वास. पाच, आणि वळण.

भाता दारात खिळून राहिला.

धाकटीने त्याची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, “वळणावर चुकतोय रे तो. एक सूर खालचा लावतोय.”

“चुकू दे,” भाता म्हणाला. “दम बरोबर जागी घेतोय.”